मागच्या चाकाचा नट

आमच्या स्टाफरूममध्ये कोणी भुताखेताचं काढलं, की खिल्ली उडवायला मी सगळ्यात पुढे. फिजिक्स शिकवतो ना... तोंड गप्प बसत नाही. तरी हे लिहितोय. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

आम्ही धाडला राहतो, मी आणि आई. बाबांची जुनी मोटरसायकल ते गेल्यापासून अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. बाबांची एक सवय होती. आईला मागे बसवण्याआधी मागच्या चाकाच्या नटावर पान्याने दोनदा ठोकायचे – टक, टक – आणि मगच "बस" म्हणायचे. ते गेल्यावर आई कुणाच्याच गाडीवर बसली नाही. बुलडाण्याला मावशी आजारी, तरी आईचं आपलं एकच, "मी नाही जात."

मग मी हट्टालाच पेटलो. हीच गाडी घरी दुरुस्त करायची आणि दसऱ्याला आईला हिच्यावरूनच मावशीकडे न्यायचं. शिकलो यूट्यूबवर. कार्बोरेटर उघडला तर आत माती. साफ करून बसवला तर पेट्रोल गळायला लागलं! हात सोलले, चिडचिड झाली, एकदा रागाने पाना भिंतीवर फेकला. अखेर खंडेनवमीच्या दुपारी गाडी भक्ककन सुरू झाली. मी अंगणात एकटाच नाचलो.

चेन जरा सैल होती. मागचा नट ढिला करून ती ताणली, नट बोटांनी फिरवून ठेवला, एवढ्यात आई पाट घेऊन आली.

"पाने दे इकडे. पूजा मांडाची हाये."

आमच्याकडे हत्यारांना कुंकू लागलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत हात लावत नाहीत. म्हटलं, नट उद्या आवळू. आणि दुसऱ्या दिवशी साफ विसरलो. गाडी धुतली, हँडलला झेंडूचा हार घातला, उरलेला मागच्या शॉकअपला गुंडाळला. तो खाली लोंबत होता... बरोबर नटावर.

आई नवं लुगडं नेसून, आपट्याची पानं घेऊन आली. मी किक मारली. गाडी सुरू.

"बस."

ती बसेना. चाकाकडे बघत उभी.

"ठोकून कोन राह्यलं?"

इथे एक सांगायला हवं. गेली काही वर्षं आईला ऐकू येत नाही. कुकरची शिट्टी नाही, दारातले फटाके नाहीत. कानाचं मशीन दिलंय, ते ती लावत नाही; समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखते. मी वैतागून गाडी बंद केली. सगळं शांत.

"कोणी नाही आई, चल."

"तुले आयकू नाही येत? मांगच्या चाकापाशी. तुया बाबावानी." तिने चाकाकडे बोट केलं. "पन दोनदा नाही रे... थांबूनच नाही राह्यले. ठोकूनच राह्यले."

तिची समजूत काढायची म्हणून वाकलो, हार बाजूला केला. नट बोटाने फिरला. अजून दोन फेरे, आणि हातात आला असता.

पुढे उतार, मागून जीपगाड्या, पाठीशी आई... पाटावरचा पाना कुंकवासकट उचलला आणि नट गच्च आवळला.

"आता थांबलं," आई म्हणाली, आणि पदर सावरून मागे बसली.

तिला जुन्या सवयीने भास झाला असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण भास बरोबर त्याच दिवशी? आणि आवळताक्षणी थांबला? नंतर डॉक्टरांनी कान तपासले. ऐकू येणं आणखी कमी झालंय, म्हणाले.

आता तिला मागे बसवण्याआधी मीही नटावर दोनदा ठोकतो. मुद्दाम जोरात. ती शेजारीच उभी असते, आणि दर वेळी विचारते,

"ठोकलं का रे?"

माझं ठोकणं तिला ऐकू येत नाही.