योगेंद्रचं न दिसणारं कुलूप

आमच्या शेजारचा योगेंद्र लॅपटॉपपुढे इतका वाकून बसतो, की स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही तो काहीतरी हरवलेलं शोधताना दिसतो. पळसदरीच्या आसपासच्या पोल्ट्रीवाल्यांसाठी त्याने एक ॲप बनवलं. शेडमध्ये एक डबी टांगायची. लाईट जाऊन पंखे थांबले, आत उष्णता वाढली, की मालकाचा मोबाईल बोंबलतो. मालकाने धावत जाऊन जनरेटर चालू करायचा. उन्हाळ्यात कोंबड्यांचा जीव तेवढ्यावर असतो.

ॲप चांगलं निघालं, म्हणूनच चोरीला गेलं. नागूच्या मोबाईल दुकानात गाण्यांबरोबर तेही भरून मिळू लागलं. चिडलेला योगेंद्र बाकीची कामं टाकून चोरीच्या कॉपीसाठी कुलूप बनवत बसला.

"दिसणारं कुलूप तोडतात," तो म्हणाला. "हे दिसणारच नाय. ॲप चालू दिसंल, घंटा तेवढी वाजणार नाय."

"आणि कोंबड्या?" त्याची बायको समीक्षा म्हणाली. "त्यांनी काय चोरलंय?"

"त्यांनाही पावती मागंल हा," मी म्हटलं. कोणी हसलं नाही.

समीक्षाच्या हट्टापायी कुलूप लावण्याआधी तो सगळ्या शेडवर फिरला. मीही गेले; असला तमाशा कोण सोडतं? "नागूची कॉपी असंल तर सांगा, फुकट खरी टाकून देतो." जो तो चहा पाजायचा आणि म्हणायचा, "छे रं, आमी आणि चोरी?"

त्याचे सख्खे मामा आबाजीही चारचौघांत तेच म्हणाले.

"मामा, मोबाईल दाखवा की," मी चिडवलं.

"त्यात तुज्या मामीचे फोटो हायेत," म्हणत त्यांनी खिसा दाबला. सगळे हसले. योगेंद्रने घरी येऊन लॅपटॉपवरूनच चोरीच्या सगळ्या कॉपींना कुलूप लावलं.

वैशाखात एका भर दुपारी लाईट गेली. आबाजी साजगावला हळदीच्या जेवणाला गेले होते. पानाशेजारी मोबाईल ठेवून निर्धास्त जेवले. परतले तेव्हा शेडचे पत्रे तापले होते, आणि आतून कलकलाट येत नव्हता.

आम्ही पोचलो तर ते मेलेल्या पक्ष्यांत उभे. हातातल्या मोबाईलवर ॲप चालू दिसत होतं.

"तुजं ॲप बिघडलं रं," ते हळूच योगेंद्रला म्हणाले. "तू मामाकडनं पैसे घेतले नसतेस. फुकट कसं मागू? म्हणून नागूला पैसे देऊन आणलं. त्या दिवशी लोकांत बोलवंना. कुणाला सांगत नाय मी, तुजं नाव खराब व्हईल."

समीक्षा नवऱ्याकडे बघत राहिली.

"बिघडलंच व्हतं, मामा," योगेंद्र म्हणाला. तिथेच जमिनीवर बसून त्याने लॅपटॉप उघडला आणि सगळ्यांचं कुलूप काढायला घेतलं.

लाईट अजून आली नव्हती. ओढ्यापलीकडच्या शेडमधूनही कलकलाट ऐकू येत नव्हता.