माझा उजवा डोळा, गेला किती अन् राहिला किती

"उजव्या डोळ्याचा पडदा सुटलाय," डॉक्टर मॅडम म्हणल्या. सोलापूरचा डोळ्याचा दवाखाना, अंधारी खोली, माझी हनुवटी मशीनवर टेकवलेली. ह्याला रेटिना डिटॅचमेंट म्हणतेत. डोळ्याच्या आत, मागल्या बाजूला पातळ पडदा असतो, त्याच्यामुळं आपल्याला दिसतं. माझा तो भिंतीच्या पापुद्र्यावानी सुटून आला व्हता. मला वाटलेलं चष्मा देतेल.

मग त्यांनी इचारलं, मार कशाचा लागला. म्या सांगितलं, शेळीनं शिंग मारलं. येरमाळ्याला आमच्या घरी शेळ्या हायत, म्हणून तेच तोंडात आलं. मॅडम माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. भिवईवर जुना टाका, नाकाचं हाड वाकडं, गालावर काळानिळा डाग. त्यांनी माझ्या मालकाला सांगितलं का पोरीला घेऊन बाहेर बसा. दार लावलं अन् हळूच म्हणल्या, "खरं सांगा. नवरा मारतो का?"

मी न्हाय म्हणले. त्यांना पटलं न्हाय. म्हणल्या, घाबरू नका, इथून पोलिसाला फोन करता येतो, तुम्हाला घरी जायची गरज नाही. दाराच्या काचंतनं मला मालक दिसत व्हते, डाव्या डोळ्यानं. पोरीला मांडीवर घेऊन बिस्कुट चारत व्हते. अन् त्यांच्या बाजूला उभी असलेली सिस्टर त्यांच्याकडं अशी बघत व्हती का जणू ह्यो माणूस खुनी हाय.

खरं सांगायचं तर मी बॉक्सिंग करते. शाळा नववीत सुटली पण ग्लव्हज सुटले न्हाईत. धाराशिवला सरांच्या हॉलमदी शिकले, राज्याला मेडल आणलं, लग्नानंतर प्रोफेशनल झाले. प्रोफेशनल म्हंजे डोक्याला गार्ड न्हाय, अन् ह्योच आपला धंदा. दोन महिन्यानं माझी पट्ट्याची फाईट ठरलेली. पट्टा म्हंजे आपल्या वजनात सगळ्यात वरची, असं. मॅडमनी कागदावर बॉक्सिंग लिवलं का ती गेली, एवढं मला कळत व्हतं. न्हाय लिवलं तर मालक गेले.

मग म्या सांगितलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मालकाला आत बोलावलं अन् इचारलं, व्हय का हो. मालक म्हणले, "व्हय मॅडम. हिच्यावर हात उचलायची आपली टाप हाय का?" मॅडम हसल्या न्हाईत, पण सिस्टरनं मालकाला खुर्ची दिली.

आता पहिल्यापासनं सांगते, म्हंजे दुसऱ्या कुणी पोरींनी तसं करू नये. पहिल्यांदा काळ्या माशा दिसायल्या. भाकरी थापताना पिठावर माशी, हाकललं तरी जाईना. मग बाजूनं इजेवानी चमकायलं, डोळे मिटले तरी. दुखत काहीच न्हाय. ह्येच वाईट, दुखलं असतं तर गेले असते. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या म्हणल्या, उष्णता हाय, दूध घाल. आमच्याकडं डोळा आला, कुसळ गेलं का लेकुरवाळीचं अंगावरचं दूध डोळ्यात घालतेत, गल्लीतल्या बाया वाटी घिऊन येतेत. आता घरातच लेकुरवाळी. म्या माझंच दूध माझ्याच डोळ्यात आठ दिस घातलं. मॅडम म्हणल्या, दुधानं पडदा सुटला नाही, पण डोळ्यात घाण गेली असती, अन् आठ दिवस वाया गेले.

पण खरी चूक ती न्हाय. खरी चूक माझी एकटीची.

फाईटच्या आदल्या दिशी मेडिकल असती, तशी पुण्याच्या फाईटला बी व्हती. भिंतीवर इंग्रजी अक्षराचा तक्ता, एक डोळा झाकायचा, वाचायचं. मी लाईनीत मागं उभी राहिले, पुढच्या पोरी म्हणायल्या ते ऐकून खालच्या दोन ओळी पाठ केल्या. आमच्यात लई जणी करतेत ह्ये. माझा नंबर आल्यावर डावा डोळा झाकला अन् उजव्यानं नीट दिसत नसताना घडाघडा म्हणून टाकलं. डॉक्टरनं शिक्का मारला. मला लई हुशारी वाटली.

ती फाईट मी जिंकले बी, पाइंटावर. पण समोरलीचा डावा हुक, म्हंजे बाजूनं येणारा ठोसा, माझ्या उजव्या बाजूनं यायचा अन् मला तो गालावर बसल्यावर कळायचा. सर कोपऱ्यातनं वरडायचे, हात वर ठिव, झोपलीस का. पुण्याहून येताना बार्शीच्या पुढं एसटीत उजव्या कडंनं काळं चढायलं. डबरं पाण्यानं भरतं तसं, खालून वर. घरी पोचेस्तोवर पोरगी अर्धीच दिसत व्हती. सकाळी धाराशिवला सिव्हिलमदी गेलो, त्यांनी सोलापूरला धाडलं.

दुसऱ्या दिशी ऑपरेशन केलं. विट्रेक्टॉमी म्हणतेत. डोळ्यातला चिकट रस काढतेत, पडदा जागच्या जागी बसवतेत, लेझरनं चिकटवतेत अन् तो दाबून ठिवायला आत गॅस भरतेत. भूल डोळ्यापुरतीच, समदं ऐकू येतं. आत निळं-पिवळं हलताना दिसतं. मी श्वास मोजत बसले, राऊंडच्या मदी स्टुलावर बसून मोजते तसं.

नंतरचं अवघड. गॅसचा बुडबुडा वर चढतो, म्हणून तोंड खाली ठिवायचं, दहा दिस. जेवताना खाली, झोपताना पालथं, बोलताना लोकांच्या पायाकडं बघून. पोरगी चौदा महिन्यांची, तिला कळंना आई जमिनीत काय बघती. भ्याली. दोन दिस आत्याकडंच राहिली. तिसऱ्या दिशी ती सरपटत माझ्या खाली आली, उताणी पडली अन् वर माझ्याकडं बघायली. मग तसंच पाजायचं शिकलो आमी, मी गाईवानी वर, ती खाली. आत्या म्हणल्या, "बघा, आता खरी वाघीण झाली." त्यांना माझं बॉक्सिंग कधी आवडलं न्हाय, पण त्या दहा दिसांत माझे केस त्यांनीच इंचरले, चटईवर आडवं होऊन.

दीड महिन्यानं गॅस गेला. उजव्या डोळ्याला दिसतं, पण दाराची चौकट वाकडी दिसती अन् तक्त्याची वरची दोन अक्षरंच वाचता येतेत. डाव्या डोळ्यात बी पडदा दोन ठिकाणी पातळ निघाला, तिथं आधीच लेझर मारून घेतलं. म्या मॅडमना इचारलं, परत कधी. त्या म्हणल्या, "पळा, दोरी मारा, बॅगला मारा. डोक्यावर मार मात्र नाही. पडदा पहिल्या ठोशाला सुटेल की पन्नासाव्या, हे मला सांगता येणार नाही."

सरांचा फोन आला. त्यांची बी सात वर्सं गेलीत माझ्यावर. म्हणले, रेखे, फाईट म्या दोन महिने पुढं सरकवली हाय. अन् मेडिकल दुसरीकडनं बी करता येती, जरा सोपी. म्या इचारलं, सर, तुमच्या लेकीचा डोळा असता तर? सर म्हणले, "नाव काढू का तुझं?"

इतक्या फाईटी केल्या पण असं भ्याले नव्हते. पट्ट्यापर्यंत परत कोण नेणार व्हतं मला, नववी नापास बाईला.

"काढा," म्हणले.

मी रडले न्हाय असं न्हाय. पण बायांनो, माशी हाकलून जात नसंल तर त्याच दिशी दवाखाना गाठा, अन् काय करता ते खरं सांगा. मॅडमचं माझ्यावर उपकार हायत, सिव्हिलच्या डॉक्टरचं बी, त्यांनी अर्धा दिस बी थांबू दिलं न्हाय. काल पोरगी अंगणात शेळीमागं धावली. एक डोळा झाकून बघितली, मग दुसरा झाकून. एकात सरळ धावती, एकात वाकडी. दोन्हीत पडली न्हाय.