बेटवाले भाऊजी चौथीच्या वर्गात

माझ्या बहिणीचे यजमान मुलांसाठी साहसकथा लिहितात, आणि सगळ्या एकाच गूढ बेटावरच्या. गल्ली त्यांना बेटवाले म्हणते. मी भाऊजी म्हणतो, कारण बहीण माझी आहे, इलाज नाही.

दरवेळी जहाज फुटतं, मोठी माणसं मुकाट्याने बुडतात आणि चार मुलं किनाऱ्याला लागतात. आईची आठवण वगैरे भानगड नाही. थेट गुहेकडे धाव. गुहा झाडूनपुसून तयार असते. चौघांतली एकुलती एक मुलगी लगेच स्वयंपाकाला लागते. शेवटच्या पानावर दुसरं जहाज येतं, कारण तोवर भाऊजींना झोप आलेली असते. त्यांचा नायक दोन दगड घासून जाळ करतो. स्वतः भाऊजी दुधाची पिशवी कापतात तेव्हा दूध भिंतीवर जातं, आणि झुरळ दिसलं की हे दर्यावर्दी गृहस्थ पलंगावर चढून बहिणीला हाका मारतात.

मी ज्या शाळेत चित्रकला शिकवतो तिथेच त्यांची मुलगी चौथीत आहे. तिच्या बाईंनी भाऊजींना वर्गात गोष्ट सांगायला बोलावलं.

"बाबा, तू नको येऊस," भाची म्हणाली. "मला त्याच वर्गात वर्षभर बसायचंय."

"अगं, पोरं तुला डोक्यावर घेऊन नाचतील!"

"मामा, तू तरी सांग ना त्याला."

मी सांगून पाहिलं. "तुम्ही आपले दोन डोंगर आणि मधला सूर्य काढा," भाऊजी म्हणाले.

गुहेपर्यंत सगळं ठीक चाललं. मग पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "काका, ते शी कुठे करायचे?"

वर्ग फिदीफिदी हसला. मी मागच्या भिंतीशी उभा होतो, मीही हसलो.

"शूर मुलांना असले प्रश्न पडत नाहीत," भाऊजी म्हणाले.

"प्रश्न नाही पडला तरी शी होतेच ना?"

"आणि आई बुडली तरी कुणी रडलं कसं नाही?"

"काकांना माहीतच नाहीये!"

भाऊजी खिशात रुमाल शोधू लागले. पोरांनी त्यांचा नाद सोडला आणि सगळ्या माना भाचीकडे वळल्या. "ए शीबेट!" कुणीतरी हळूच म्हणालं. तिचे कान लालबुंद झाले. हे नाव आता दहावीपर्यंत चिकटणार, हे तिलाही कळलं आणि मलाही.

ती उठून उभी राहिली. "झऱ्याच्या खालच्या अंगाला खड्डा खणला होता. वर प्यायचं पाणी ना, म्हणून खाली. माती टाकायची पाळी लावली होती. मोठा मुलगा पाळी चुकवायचा, तेव्हा मुलीने त्याचं जेवणच बंद केलं. आणि रडायचे ते. पण एकमेकांना दिसू नये म्हणून चौघं चार झाडांमागे जायचे."

पोरं बाकांवर पुढे सरकून बसली.

"मग?" पहिल्या बाकावरचीने विचारलं.

मग घंटा होईपर्यंत भाचीच बोलत होती. भाऊजी बाईंच्या खुर्चीत तोंड उघडं टाकून ऐकत होते.

घरी आल्याआल्या त्यांनी बहिणीला सांगितलं, "पोरं हलायला तयार नव्हती! पुढच्या शनिवारी परत बोलावलंय."

"तुला नाही रे, मला बोलावलंय," भाची बुटाची नाडी सोडत म्हणाली.

भाऊजी क्षणभर खट्टू झाले. मग म्हणाले, "मी मागे बसू का?"

"बस. पण मध्ये बोलायचं नाही."