मुकादमीण आणि रिकामी क्रेट

सौसरला माझ्या ओसरीसमोर संत्र्यांच्या पॅकिंगचे शेड आहे. तिथली मुकादमीण पदर कमरेला खोचल्याशिवाय बोलत नाही.

कोरोनाच्या टाळेबंदीनंतर शेड उघडताना तिने दोन-दोन बायांमध्ये रिकामी क्रेट ठेवली आणि बजावले, "जे खोकलन, ते घरी जाईन. रोजी बुडली तं बुडली."

"आन् मुकादमीण खोकलली तं, मावशी?"

"तं मुकादमीणबी घरी." बाया हसल्या.

पहिल्याच सकाळी तिला खोकला आला. सगळ्यांचे हात थांबले.

"ठसका असन, बाई. माल कोन पाहीन?" मालक म्हणाला.

"नियम मायाच हाय ना, भाऊ." खोचलेला पदर सोडून तिने तोंडावर धरला आणि ती फाटकाबाहेर पडली.

मी कुणासाठी खुर्ची सोडत नाही. ती वळणापलीकडे जाईपर्यंत मात्र मी उभा होतो.