हद्दवाल्या वकीलबाई

नवऱ्याने मारलं म्हणून रडत आलेल्या बाईला वकीलबाई पहिला प्रश्न विचारायच्या, "कुठं मारलं?" बाई बिचारी पदर सरकवून पाठ दाखवायची, कुणी दंड पुढे करायची. मग वकीलबाई कपाळाला हात लावायच्या. "अगं पाठीवर न्हाई, कोणत्या गावात मारलं ते इचारतेय मी." ऐकणाऱ्याला वाटावं, ही काय दगडाच्या काळजाची बाई. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

पण आमच्या बीडमध्ये या प्रश्नावाचून पुढचं पान हलत नाही. अर्धं वर्ष आमच्या बाया ऊस तोडायला परजिल्ह्यात असतात. मार खायचा तिकडच्या कोपीत, म्हणजे कारखान्याजवळच्या ताडपत्रीच्या खोपटात. तक्रार करायला गेलं की तिकडचे पोलीस म्हणणार, तुमच्या बीडला जा. इथले म्हणणार, घडलं तिकडे, आमच्या हद्दीत नाही. दोन्हीकडून वाटाण्याच्या अक्षता. वकीलबाई केजच्या कोर्टात वकिली करायच्या आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव कायदा शिकवत फिरायच्या. मी त्यांच्याबरोबर, बॅनर बांधायला आणि बाया गोळा करायला. त्यांचं भाषण एकच. "हद्द तुझ्या पायाखाली हाय. तू जिथं उभी, तिथल्या ठाण्यानं तुझी तक्रार घ्यायची. आन् कोपी बी घरच हाय, तिथून तुला कुणी हाकलू शकत न्हाई." बायांनी त्यांचं नावच पाडलं, हद्दवाल्या बाई.

पुढच्या खुर्च्यांवर कडक इस्त्रीत बसलेल्या पुढाऱ्यांना त्या आधी उठवायच्या. एकदा एक माजी सरपंच म्हणाले, आम्ही पण ऐकतो की. तुम्ही ऐकायला नाही, कोणती बाई तोंड उघडते ते बघायला बसलात, असं म्हणून त्यांनी सरपंचांना चहाला पिटाळलं. बाया पदराआड हसल्या. मला तर वाटायचं, निम्मा कायदा तिथेच शिकवून झाला.

चंद्रकला ही त्यांची लाडकी. नवरा मारकुटा, पण ती स्वतः मोठी तल्लख. एका शिबिरात तिने हद्दीचं सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं, तेव्हा वकीलबाईंनी आपल्या पिशवीतला पेरू काढून तिच्या हातावर ठेवला. यंदा तोडणीला जाऊ नकोस, असंही त्यांनी तिला बजावलं. आमच्याकडे मजुरांची टोळी नेणारा मुकादम नवरा-बायको मिळून एक कोयता धरतो. चंद्रकला म्हणाली, "मुकादम जोडीच नेतो, बाई. मी न्हाई गेले तर ह्यो मला हितंच मारल." ती गेली.

तिकडे एके दिवशी उसाच्या फडातून ती तशीच ठाण्यात चालत गेली. शिकवलेलं सगळं बोलली, हद्दीसकट. त्यांनी तक्रार लिहून घेतलीच नाही. नवऱ्याला बोलावून समज दिली आणि तिला त्याच्याबरोबर त्याच कोपीत परत पाठवलं. नवरा-बायकोचं भांडण म्हणे. त्याच आठवड्यात तिचं प्रेत गावात आलं.

वकीलबाईंनी पाठपुरावा करून गुन्हा नोंदवायला लावला, नवरा आत गेला. पण त्यानंतरच्या शिबिरात चंद्रकलाची आई उठून उभी राहिली. आवाज न चढवता म्हणाली, "बाई, तुमी शिकवलं नसतं तर लेकीनं गप मार खाल्ला असता. पर जिती राहिली असती."

कोर्टात भल्याभल्यांना गप्प करणाऱ्या वकीलबाई काहीतरी उत्तर देतील असं मला वाटलं. त्या स्टेजवरून उतरल्या, म्हातारीसमोर भुईवर बसल्या आणि म्हणाल्या, "व्हय माय. मी तिला कायदा शिकवला. पळून यायचं कुणाकडं, ते सांगितलं न्हाई."

त्या दिवसापासून त्यांचं भाषण बदललं. "आधी तिथून निघ. कायदा मागून येतो, लई हळू येतो." आणि मग चक्क माइकवरून स्वतःच्या घराचा पत्ता. मी हात जोडले, असं सांगू नका, उद्या कुणीही दारात येईल. आलेच. दारावर दगड पडले, मुकादम शिव्या घालून गेले. पण मागच्या खोलीत कोणी ना कोणी बाई असायचीच. वकीलबाईंचा स्वयंपाक भयंकर, भात कायम करपलेला. तो खाऊन बाया आधी नुसत्या झोपायच्या, मारायला कुणी उठवणार नाही म्हणून.

मागच्या उन्हाळ्यात वकीलबाई गेल्या. मुलगा पुण्याहून आला, दिवस घातले आणि घर विकून गेला. त्याला दोष तरी काय द्यायचा?

आता शिबिरं मी घेते. हद्द सांगते, कोपीचं सांगते, 'आधी तिथून निघ' इथवर येते आणि हातातले कागद चाळायला लागते. मागून कुणीतरी विचारतंच, निघून यावं कुणाकडं? मी मदतीचा नंबर सांगते, सरकारी निवारा कुठे आहे ते सांगते. बाया माना डोलावतात आणि एकमेकींकडे बघतात. माझं घर दोन खोल्यांचं. घरात सासूबाई आहेत, आणि पाहुणे आलेले नवऱ्याला खपत नाहीत.

परवा युसूफ वडगावला एका पोरीने हाच प्रश्न विचारला. कडेवर तान्हं होतं, ओठ फुटलेला होता आणि तोडणीच्या टोळीची गाडी दुसऱ्या दिवशी निघणार होती. मी माइकवरून माझा पत्ता सांगितला. दोनदा सांगितला.

घरी अजून कुणाला बोलले नाही.