कोरं ठरवलेलं पान

आमच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या तोयोसुतल्या ऑफिसातून मला एकटीलाच योकोहामाच्या क्लायंटकडे पाठवलं. काम लहान आहे, टीमची गरज नाही, असं कारण मला सांगण्यात आलं. खरं म्हणजे बाकी सगळ्यांना बँकेच्या मोठ्या प्रोजेक्टवर राहायचं होतं, आणि नाही म्हणणं मला तेव्हा जमत नसे.

क्लायंट म्हणजे एका संगीत महाविद्यालयाचं ग्रंथालय. जुन्या जपानी संगीतकारांची हस्तलिखितं त्यांच्याकडे खोक्यांत भरून ठेवलेली होती. दुसऱ्या एका कंपनीने त्यांचं स्कॅनिंग उरकलं होतं आणि मूळ कागद तळघरात परत गेले होते. ती सगळी चित्रं नीट लावून कॉम्प्युटरवर शोधता येतील अशी व्यवस्था करणं एवढंच माझं काम. मला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. चिंचवडला आमच्या घरी रेडिओ लागायचा तो बातम्यांपुरता.

ग्योतोकुला मी दोन खोल्यांत राहत होते. सोबतची मुलगी तिचं प्रोजेक्ट संपल्यावर हैदराबादला परत गेली होती, आणि तिच्या खोलीत मी कपडे वाळत घालायला लागले होते. शुक्रवारी संध्याकाळी कोंबिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानातल्या पोराला ‘पिशवी नको’ म्हटलं की थेट सोमवारी सकाळी ग्रंथपाल बाईंना ‘सुप्रभात’ म्हणेपर्यंत माझ्या तोंडून शब्द बाहेर पडायचा नाही. सोमवारी आवाज चिरका यायचा. बाईंना वाटायचं, मला सारखी सर्दी होते. त्या मला गरम पाणी आणून द्यायच्या.

बाई साठीला टेकलेल्या, करडा एप्रन घालणाऱ्या, अगदी हळू बोलणाऱ्या. मला नावापुढे आदराचं ‘सान’ लावूनच हाक मारायच्या. आम्ही दोघी दिवसभर एका खोलीत असायचो आणि दिवसाला दहा वाक्यंही बोलायचो नाही.

हस्तलिखितांत कोरी पानं फार होती. कोरी म्हणजे पांढरीशुभ्र नव्हेत. संगीत लिहायच्या कागदावर पाच-पाच रेघांचे पट्टे छापलेले असतात. तेवढेच असायचे, वर लिहिलेलं काही नाही. ती गाळायला मी एक प्रोग्रॅम लिहिला. छापील रेघा वजा करून पानावर काळं किती उरतं ते तो मोजायचा, आणि मर्यादेपेक्षा कमी निघालं की पान काढून टाकायचा. क्लायंटला मी रीतसर विचारलं होतं. ‘कोरी पानं वगळावीत’ ह्या ओळीसमोर बाईंनी होकाराचा गोल काढला होता. प्रोग्रॅम एका शनिवार-रविवारात चालून संपला. तोयोसुहून शाबासकीची मेल आली, आणि ती मी दोनदा वाचली.

नोव्हेंबरात तिथे एक गोरे गृहस्थ आले. सत्तरीचे, उंच, टेबलाखाली गुडघे न मावणारे. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हे त्यांच्या देशात सिनेमांना संगीत देतात, मोठमोठे वाद्यवृंद चालवतात, आणि तरुणपणी दोन वर्षं इथल्याच एका संगीतकारांकडे शिकायला होते. ते संगीतकार आता हयात नव्हते. त्यांचे कागद बघायला हे आले होते. नवी व्यवस्था फक्त माझ्या शेजारच्या मशीनवर चालू होती, म्हणून ते माझ्या शेजारी बसले.

दोन दिवस ते नुसतेच पानं बघत होते. मधूनच त्यांचा उजवा हात टेबलावरून दोन बोटं वर उचलला जायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्याकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, “माफ करा, ह्यात एक पान नाहीये.”

“शक्य नाही,” मी म्हटलं. “सगळे नंबर ओळीने आहेत.”

“नंबर ओळीने आहेत. पण चौदानंतर जे आहे ते पंधरावं नाही, सोळावं आहे.”

“मधलं कोरं असेल. कोरी पानं आम्ही काढली आहेत.”

ते रागावले नाहीत. “कोरं नव्हतं ते,” ते म्हणाले. “त्यावर विश्रांती लिहिलेली होती. सगळी वाद्यं थांबतात, आणि पूर्ण पानभर थांबूनच राहतात.”

विश्रांतीची खूण म्हणजे रेघेला चिकटलेलं एक छोटंसं चपटं चिन्ह. पेन्सिलीने काढलेलं. माझ्या प्रोग्रॅमच्या लेखी ती धूळ होती.

मी तोयोसुला फोन लावला. आमचा मॅनेजर पुण्याचाच. “अगं, त्यांनी होकार देऊन साइन-ऑफ केलंय ना?” तो म्हणाला. “मग तो बग नाही. त्यांच्याकडून चेंज रिक्वेस्ट येऊ दे, मग बघू.”

“पण सर, पान गेलंय.”

“कोरं पान गेलंय,” तो म्हणाला. त्याला दुसरा फोन येत होता.

मर्यादेचा आकडा मी स्वतः ठरवला होता. वीस-पंचवीस पानं डोळ्यांखालून घालून, अंदाजाने. काढलेल्या पानांची चित्रं जागा मोकळी करताना पुसून टाकली होती, तीही मीच. मी बाईंकडे गेले आणि खरं ते सांगितलं. मला वाटलं होतं, त्या वरिष्ठांना कळवतील. त्या म्हणाल्या, “गोल मी काढला होता,” आणि तळघराची किल्ली घ्यायला उठल्या.

तळघरात आम्ही तिघं गेलो. खोकं सापडायला फार वेळ लागला नाही. बाईंनी पांढरे हातमोजे घालून पानं उलटली आणि पंधरावं पान टेबलावर ठेवलं. बारा पट्टे, प्रत्येक पट्ट्यात उभ्या रेघांनी पाडलेली सतरा घरं, आणि प्रत्येक घरात तेच एक चपटं चिन्ह, पुसट झालेलं.

ते गृहस्थ वाकले. मग हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला.

“हे अक्षर सरांचं नाही, माझं आहे,” ते म्हणाले. “चोवीस वर्षांचा होतो. सरांच्या कच्च्या कागदांवरून स्वच्छ प्रत करायचं काम माझ्याकडे होतं. मी म्हटलं, सर, एवढ्या खुणा कशाला? एकच खूण काढून वर सतरा लिहितो, वादक मोजतील. सगळे तसंच करतात. सर म्हणाले, प्रत्येक खूण काढ. हातांना कळू दे किती वेळ आहे तो.” त्यांनी पानाच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट नेलं, पण टेकवलं नाही. “हे बघा. इथे मी चिडलो होतो. शेवटच्या ओळीतल्या सगळ्या वाकड्या आहेत.”

ते पान मी त्याच दिवशी स्कॅन करून जागेवर लावलं. पण एक गेलं होतं म्हणजे आणखीही गेली असणार. त्यानंतरचे तीन आठवडे मी आणि बाईंनी एकेक खोकं उघडून पानं ताडून पाहिली. तोयोसुला मी टेस्टिंग लांबलंय असं कळवलं. शनिवारीही जात होते. तसंही घरी बसून काय करणार होते. आणखी पानं सापडली. एकावर कोपऱ्यात ‘वारा’ एवढाच शब्द होता. एकावर चहाचा डाग आणि त्याच्या बाजूला एकच सूर.

त्या दिवसांत दुपारी ते गृहस्थ आणि मी ग्रंथालयामागच्या बाकावर जेवायला बसायचो. खाली बंदरातल्या क्रेन दिसायच्या. ते कोंबिनीतलं अंड्याचं सँडविच खायचे, मी पोळी-भाजीचा डबा. एकदा त्यांना दिलेली मेथीची भाजी त्यांनी फार विचार करून खाल्ली आणि पुन्हा मागितली नाही.

मी विचारलं, “इथे येऊन तुम्ही काय शिकलात? म्हणजे मला समजेल असं.”

“आमच्याकडे मला शिकवलं होतं, की पडद्यावर माणूस रडायला लागला की व्हायोलिनं सुरू करायची,” ते म्हणाले. “इथे आणखी एक वयस्क संगीतकार होते, ते सिनेमांचं काम करायचे. सरांनी मला त्यांच्या रेकॉर्डिंगला बसायला पाठवलं. पडद्यावर बाई रडत होती आणि ते हात बांधून बसलेले. बाई उठून गेली. खोली रिकामी. तेव्हा त्यांनी बासरीवाल्याकडे बघितलं, आणि त्याने एकच फुंकर घातली. सूरसुद्धा धड नव्हता तो, नुसता वारा. परत गेल्यावर मी तेच करायला बघितलं. निर्माते विचारायचे, इथलं संगीत राहून गेलं का? जन्मभर भांडलो. बहुतेक वेळा हरलो.”

“आणि तुमचे सर?”

त्यांनी सँडविचच्या कागदाची घडी घातली. “सर गेल्याची तार आली तेव्हा आमचं रेकॉर्डिंग चालू होतं. ऐंशी वादक बसलेले. मी आलो नाही. आता आलोय.”

मी त्यांना काहीतरी बरं वाटेल असं म्हणायला हवं होतं. मला इंग्रजीत सुचलं नाही, आणि मराठीत सुचलं त्याचा त्यांना उपयोग नव्हता. डबा बंद करून मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

डिसेंबरच्या मध्यावर महाविद्यालयाच्या मुलांना घेऊन त्यांनी सरांची ती रचना बसवली. मोठा कार्यक्रम वगैरे नव्हता. एक खुली तालीम, दुपारची. बाईंनी मला बळेच नेलं. मी शेवटच्या रांगेत बसले. सुरुवातीचं मला काही कळलं नाही. कुठे तुटक घंटा, कुठे खर्जातलं घुमणं. मग सगळं एकदम थांबलं आणि मी ओळखलं, पंधरावं पान.

त्यांनी हात खाली घेतले नाहीत. दोन्ही हात छातीच्या उंचीवर, बोटं किंचित उघडी, आणि त्या हातांत कुणीतरी झोपलेलं असावं तसे ते उभे. एका मुलाला खोकला आला, तो त्याने दाबला. बाहेर कुठेतरी ट्रक मागे घेताना वाजतो तसा आवाज झाला. मी घरं मोजायला लागले आणि सातानंतर मोजणं सुटलं. माझ्या डोळ्यांतून पाणी का यायला लागलं ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. त्या खोलीत पन्नास-साठ माणसं होती, कुणीच काही बोलत नव्हतं, आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदाच मला त्या शांततेचं काही वाटलं नाही.

तालीम संपल्यावर मुलांनी त्यांना गराडा घातला. त्यांची मान गर्दीच्या वर दिसत होती, ती इकडेतिकडे वळत होती. कदाचित कुणाला शोधत असतील, कदाचित कोट. माझा चेहरा रडून सुजलेला होता. सोमवारी भेटू, सावकाश बोलू, असं ठरवून मी मागच्या दाराने निघाले.

सोमवारी त्यांची खुर्ची टेबलाखाली नीट सारलेली होती. रविवारच्या विमानाने ते गेले होते. “तुम्हाला ठाऊक नव्हतं?” बाईंनी विचारलं. मी नाही म्हटलं. बाई उठून गरम पाणी घेऊन आल्या.

माझं काम जानेवारीत संपलं. मी तोयोसुला परत, बँकेच्या प्रोजेक्टवर. निघताना बाईंनी एका चिठ्ठीवर त्या गृहस्थांच्या एका सिनेमाचं नाव जपानीत लिहून दिलं. एका रविवारी दुपारी ग्योतोकु स्टेशनजवळच्या दुकानातून मी त्याची डीव्हीडी आणली. हाणामारीचा सिनेमा होता. सुरुवातीपासून ढोल, कर्णे, व्हायोलिनं. माझी जराशी निराशाच झाली. मग एके ठिकाणी एक म्हातारा बसमध्ये चढतो, बस निघून जाते, आणि तो बसला होता तो रस्त्याकडेचा दगड पडद्यावर दिसत राहतो. संगीत थांबलेलं. मी रिमोट उचलला, आवाज वाढवला. काही नव्हतं. मागे नेऊन पुन्हा बघितलं. तिथे ते जिंकले होते.

हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. मी चिंचवडला फोन लावला. आईने उचलला, मागे कुकरची शिट्टी झाली. मी तिला सगळं सांगायचा प्रयत्न केला, पान, खुणा, सिनेमा, दगड.

“मग त्या ठिकाणी काय वाजत होतं?” आईने विचारलं.

“काही नाही. काहीच वाजत नव्हतं.”

“अगं, मग हे सांगायला फोन केलास? तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे,” मी म्हटलं. “असाच केला.”