'र' गळालेल्या शब्दाचा हेवा

मंगळवारी ऐरोलीच्या ऑफिसात ट्रेनिंग होतं... शिव्यांचं! हसू नका, कामच तसं आहे माझं. एका परदेशी ॲपवर लोक जे व्हिडिओ टाकतात ते ऐकायचे आणि त्यातली घाण काढून टाकायची.

शिकवायला डेनिस होती, अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर. ती स्वतः कृष्णवर्णीय. विषय होता तिच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या दिली गेलेली ती एक शिवी.

मुळात त्या शब्दाचा अर्थ नुसता 'काळा'. मग गोऱ्या मालकांच्या तोंडी त्याची शिवी झाली. आणि पुढे तिच्याच लोकांनी शेवटचा 'र' गाळून टाकला, तिथे 'अ' आणला, आणि आपापसात तो दोस्तीतली हाक होऊन बसला. बाहेरच्याने म्हटला तर मात्र अजूनही चालत नाही.

"माझे दोन्ही भाऊ फोन उचलला की एकमेकांना आधी तेच म्हणतात," असं सांगून डेनिस खळखळून हसली.

सगळे हसले. माझ्या मात्र पोटात दुखलं... खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला. तिच्या आज्या-पणज्यांनी काय काय सोसलं असेल, आणि मी जळतेय कशावर? पण जळत होते.

आमचं कुटुंब मूळचं बीडकडचं, बौद्ध. आमच्या जातीचं जुनं नाव कागदावर नुसतं नाव आहे. शाळेत ते मागच्या बाकावरून यायचं तेव्हा कधी त्याला 'डा' चिकटवलेला असायचा. कधी तेवढीही गरज नसायची, नुसतं ओढून म्हटलं की पुरे. आजही आमच्या घरात तो शब्द निघाला की सगळे गप्प होतात.

त्याच दुपारी माझ्याकडे एक मराठी क्लिप आली. पार्किंगवरून भांडण, आणि एकाने दुसऱ्याला तोच शब्द फेकून मारलेला. मी क्लिप काढली... थोड्या वेळात वरच्या तपासणाऱ्यांनी नुसता लिहून आलेला मजकूर वाचून ती परत चढवली. शेरा होता : जातीचं नाव, शिवी नाही.

इंग्रजीतल्या एका 'र'साठी अख्खी सकाळ, आणि आमच्यासाठी एक ओळ! डोकंच फिरलं माझं. तशीच टीम लीडरकडे गेले. संगीताताई घणसोली गावातल्याच, मनाने चांगल्या.

"अगं प्रज्ञा, जातीचं नावच हाय ना ते? शिवी कुठं हाय त्याच्यात?"

"ताई, वाचू नका. ऐका," म्हणत मी हेडफोन पुढे केला.

त्यांनी ऐकलं. परत ऐकलं. मग हेडफोन काढून म्हणाल्या, "हटव ती. आनि उद्या सगळ्या टीमला तूच समजाव, त्या डेनिससारखं."

डेनिससारखं! रात्री झोप कुठली लागतेय...

दुसऱ्या दिवशी टीमसमोर तो शब्द दोनदा म्हणायचा होता. एकदा कागदावर असतो तसा, एकदा मारतात तसा. पहिला नीट निघाला. दुसऱ्या वेळी माझा आवाज माझा राहिलाच नाही, शाळेतल्या मागच्या बाकावरच्या मुलाचा झाला.

अशा क्लिप आधी ऐकायच्या आणि मगच ठरवायचं, असं टीममध्ये ठरलं. वरच्या लोकांना संगीताताईंनी मेल टाकला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

संध्याकाळी त्यांनी मला स्कूटरवरून घणसोलीपर्यंत सोडलं. मी उतरले तरी गाडी चालूच होती.

"प्रज्ञा, आमच्या घरात रोज बोलतात गं तो शब्द. सासरे, दीर... मी पन बोलली असेन. मला कदी ऐकूच आला नाय. आज घरी गेल्यावर काय करू, तेच समजत नाय."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, एवढंच. आज सकाळी त्यांनी सांगितलं, जेवताना सासऱ्यांना टोकलं... दोघंही ताटावरून अर्धवट उठले.

हे सगळं ताईंना विचारूनच लिहितेय. डेनिसचा हेवा अजून गेलेला नाही, जाईलसं वाटतही नाही. आमच्या शब्दाला तिच्या शब्दाएवढं अंतर कापायला किती पिढ्या लागतील, कोण जाणे... पण घणसोलीतल्या एका घरात तो आता ऐकू यायला लागलाय. थँक्यू, ताई.